रेशनच्या तांदळातला 'तो' वेगळा दाणा आणि मावळच्या ताटात कमी पडणारं बी-१२

मावळात सध्या भातकापणी, झोडणीची घाई आहे. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कुठेही जा, खाचरांतून नव्या इंद्रायणीचा वास येतो. आणि नेमका तांदळाचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर एक ठरलेला व्हिडिओ फिरायला लागतो. कुणीतरी रेशनच्या तांदळातून थोडे पिवळसर, गुळगुळीत दाणे वेचून दाखवतं, ते पाण्यावर तरंगतात, मग तव्यावर जाळतात, शेवटी भाताचा गोळा करून फरशीवर आपटतात. गोळा उडतो. "बघा, सरकार गरिबांना प्लास्टिक खायला घालतंय!"

दुसऱ्या बाजूने तितक्याच जोरात येणारा मेसेज म्हणजे याच तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ आहे, आता रक्तक्षय आणि अशक्तपणा विसरा.

हा विषय महत्त्वाचा आहे, कारण ९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने हा पोषणयुक्त, म्हणजे फोर्टिफाइड तांदूळ डिसेंबर २०२८ पर्यंत सुरू ठेवायला मंजुरी दिली. खर्च १७,०८२ कोटी रुपये, सगळा केंद्राचा. म्हणजे रेशन दुकान, शाळेची खिचडी आणि अंगणवाडी, तिन्हीकडे हाच तांदूळ द्यायचं ठरलं.

तो दाणा प्लास्टिकचा नाही, हे आधीच सांगून टाकू. पण दुसरा मेसेजही जसाच्या तसा खरा मानू नका. आकडे घेऊन बसलं तर लोहाच्या बाबतीत या तांदळाचा थोडाफार उपयोग दिसतो आणि बी-१२ च्या बाबतीत जवळजवळ नाहीच. आणि पुणे जिल्ह्यात खरी उणीव कशाची आहे? बी-१२ चीच.

तो दाणा बनतो कसा?

तांदळाच्या कणीचं पीठ करतात. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांची पावडर मिसळतात. त्याचा गोळा मळून यंत्रातून दाबून बाहेर काढतात आणि तांदळाच्या आकाराचे तुकडे करतात. शेवया पाडायच्या सोऱ्याची मोठी बहीण म्हणा. असा एक किलो कृत्रिम दाणा शंभर किलो साध्या तांदळात मिसळला जातो. शंभर दाण्यांमागे एक, असं साधारण प्रमाण.

पिठापासून बनलेला असल्याने तो नेहमीच्या दाण्यापेक्षा वेगळा दिसतो, रंगाने थोडा वेगळा असतो, कधी पाण्यावर तरंगतो. तव्यावर जळतो, कारण स्टार्च जळतोच. घरचा इंद्रायणी जाळून पाहा, तोही काळा पडून एकमेकांना चिकटेल. भाताचा गोळा उडतो तेही स्टार्चमुळे. त्यात इंद्रायणी तर मुळात चिकट भात. त्याचा गोळा रेशनच्या तांदळापेक्षा छान उडेल.

यातली खरी गंमत, खरं तर वाईट गोष्ट, वेगळीच आहे. तांदूळ निवडताना खडा, कीड, भाताचं कुसळ जसं बाजूला काढतो तसे हे दाणे "भेसळ" म्हणून वेचून टाकले, की शंभरातला तो एक दाणा गेला. उरलेले नव्व्याण्णव दाणे म्हणजे साधा तांदूळ. सगळा खर्च त्या एका दाण्यावर आणि तोच केराच्या डब्यात. गावोगावी हा तांदूळ पोचला, पण तो दाणा काय आहे हे सांगणारं माणूस सोबत पोचलं नाही, त्याचा हा परिणाम.

आता गणित

अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयच्या मापदंडानुसार एक किलो फोर्टिफाइड तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असायला हवं.

प्राधान्य गटातल्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. त्यात गहूही असतो, पण क्षणभर समजू की सगळा तांदूळच मिळाला आणि सगळा त्याच माणसाने खाल्ला. म्हणजे महिन्याला साधारण ५ मायक्रोग्रॅम बी-१२.

गरज किती? आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज २.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे महिन्याला ६६. त्यातले रेशनमधून ५. सव्वादोन दिवसांची गरज भागली, उरलेले पावणेअठ्ठावीस दिवस?

लोहाचं चित्र जरा बरं आहे. पाच किलोत १४० ते २१२ मिलिग्रॅम. बाईची महिन्याची गरज ८७० धरली (रोज २९) तर सहाव्या ते चौथ्या हिश्श्यापर्यंत भर पडते. फॉलिक ॲसिडही थोडं मिळतं. थोडक्यात ही योजना लोहाची आहे आणि बी-१२ चं नाव पिशवीवर आहे. यात फसवणूक नाही, मापदंड जाहीर आहे, कुणीही वाचू शकतं. पण "रेशनच्या तांदळातून बी-१२ मिळतं" हे वाक्य ऐकून कुणी निर्धास्त होत असेल तर त्याला हा आकडा माहीत हवा.

आणि ज्यांच्या घरचं भात आहे त्यांच्या ताटात इंद्रायणी असतो. त्यात वरून काहीच मिसळलेलं नसतं. मावळातली अशी घरं कमी नाहीत.

आठ भावंडं, एक आडनाव

'बी' हे एक जीवनसत्त्व नाही. ती आठ आहेत: बी-१ (थायमिन), बी-२ (रायबोफ्लेविन), बी-३ (नायसिन), बी-५ (पॅन्टोथेनिक ॲसिड), बी-६ (पायरिडॉक्सिन), बी-७ (बायोटिन), बी-९ (फोलेट) आणि बी-१२ (कोबालमिन). मधले आकडे कुठे गेले? ज्यांना ते दिले होते ते पदार्थ जीवनसत्त्व नाहीत असं पुढे ठरलं आणि ते गाळले गेले. आठही जण खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढणं, रक्त तयार करणं, मज्जातंतू शाबूत ठेवणं अशा कामांत असतात. पण मिळण्याची ठिकाणं वेगळी आहेत, त्यामुळे कमी पडण्याची कारणंही वेगळी.

बी-१ ची गोष्ट थेट भातगिरणीत नेते. दाण्याचं बाहेरचं तूस काढलं की आत तपकिरी थर असतो, तो कोंडा. थायमिनचा मोठा भाग तिथे आणि कोंबाजवळ असतो. गिरणीत पॉलिश करून तांदूळ पांढराशुभ्र केला की बहुतांश थायमिन कोंड्याबरोबर जातं आणि गाई-म्हशींच्या पेंडीत पोचतं. हे जगाला कळलं ते कोंबड्यांमुळे. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला दिसलं की रुग्णालयातला पॉलिश तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्याचा तांदूळ दिला की सुधारतात. बेरीबेरीचं मूळ असं सापडलं. त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं.

इंद्रायणी वाणही मावळचाच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला. वास आंबेमोहोराचा आणि उत्पन्न बरं, म्हणून तो टिकला. गिऱ्हाईक मात्र पांढरा, चकचकीत तांदूळ मागतं, म्हणून पॉलिश होतो. हातसडीचा इंद्रायणी पुण्याच्या बाजारात दीडपट भाव देऊन घेणाऱ्यांनी हा विरोधाभास लक्षात घ्यावा: आजीच्या काळी उखळात कांडलेला तांदूळ आपोआपच हातसडीचा होता, त्यासाठी वेगळे पैसे पडत नव्हते. (तिचे हात पडत होते, हेही खरं.)

घाट उतरून कोकणात, गोव्यात गेलात तर तिथे उकडा तांदूळ. भात तुसासकट उकडून, वाळवून मग सडतात. उकडताना कोंड्यातली बी गटातली जीवनसत्त्वं काही प्रमाणात दाण्याच्या आत मुरतात, त्यामुळे नंतर सडूनही बरीच शिल्लक राहतात. बोअर युद्धाच्या, नोबेलच्या कितीतरी आधीपासून लोक हे करत आले आहेत, टिकण्यासाठी आणि चवीसाठी.

मग पॉलिश भात खाऊन मावळात बेरीबेरी का दिसत नाही? कारण इथे कुणी नुसता भात खात नाही. आमटी, कडधान्य, ज्वारी-नाचणीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट, या सगळ्यांत थायमिन आहे. लोणावळ्याची चिक्की घ्या, शेंगदाण्यात बी-३ भरपूर, बी-१ आणि फोलेटही बरं. गुळामुळे जपून खावी इतकंच. म्हणजे आठांपैकी बहुतेक भावंडं साध्या मराठी जेवणातून भेटतात. एकाचं तसं नाही.

बी-१२ वनस्पतीत नसतंच

हे जीवनसत्त्व तयार करतात जिवाणू. वनस्पतींना ते लागत नाही म्हणून त्यांच्यात ते साठत नाही. जनावरांच्या पोटातल्या जिवाणूंनी बनवलेलं बी-१२ त्यांच्या मांसात, दुधात उतरतं आणि तिथून आपल्याकडे येतं. पालक, मोड आलेली मटकी, नाचणी, बदाम, यातलं काहीही कितीही खा, बी-१२ शून्य.

सोशल मीडियावर यावर हमखास उत्तर येतं: "इडली, आंबील, ढोकळा खा, आंबवलं की बी-१२ तयार होतं." पीठ आंबवणारे जिवाणू भरवसा ठेवावा इतकं बी-१२ बनवत नाहीत. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे मोजलं जातं त्यातला बराच भाग बी-१२ सारखा दिसणारा, पण शरीराला न वापरता येणारा पदार्थ असतो. दह्यात बी-१२ असतं, पण ते दुधातून आलेलं, विरजणाने बनवलेलं नाही.

पुण्यात याचा अभ्यास फार आधीपासून झालाय. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. खेड्यातले, पुण्याच्या झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले, असे तीन गट. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं. आता सांगा, तीन गटांत सगळ्यात वाईट अवस्था कुणाची असेल?

शहरी मध्यमवर्गाची. तिथे हे प्रमाण ८१ टक्के होतं.

पोषणाच्या प्रश्नांत गरीब सगळ्यात मागे, असं आपण धरून चालतो आणि बहुतेक बाबतींत ते बरोबरही असतं. बी-१२ तो हिशेब मोडतं. तळेगावच्या सोसायटीत राहून हिंजवडीला कॅबने जाणारा, शाकाहारी, दूध पचत नाही म्हणून ब्लॅक कॉफी पिणारा तरुण या बाबतीत अंदर मावळातल्या ठाकर किंवा कातकरी घरापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. त्या घरात पावसाळ्यात खेकडे येतात, ओढ्यातले मासे येतात, आठवडे बाजारातून सुकट-बोंबील येतो. मासे, खेकडे, सुकी मासळी यांत बी-१२ चांगलं असतं. याचा अर्थ कातकरी पाड्यावर सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. तिथे पोटभर अन्न, लोह, प्रथिनं यांचे प्रश्न आहेत. प्रश्न निराळा आहे, इतकंच.

आईच्या पोटातली गोष्ट

फॉलिक ॲसिडचा इतिहास मावळातून रेल्वेने दोन-अडीच तासांवर असलेल्या मुंबईत घडला. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा गंभीर रक्तक्षय हा तिच्या अभ्यासाचा विषय. स्वस्त यीस्टच्या अर्काने, ज्याला मार्माइट म्हणतात, या बायका सुधारतात हे तिने १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला, म्हणून लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचं नाव पडलं.

आज गरोदर बाईला सरकारी आरोग्य केंद्रात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या मिळतात, शाळकरी मुलींना-मुलांना आठवड्याला निळी गोळी मिळते. या गोळ्या हव्यातच. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या २८ दिवसांतच बंद होते. तोवर अनेकींना आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं. म्हणून डॉक्टर मूल हवं असं ठरवल्यापासूनच फॉलिक ॲसिड घ्यायला सांगतात.

पण या गोळीत बी-१२ नाही.

इथे पुन्हा याज्ञिक यांचा अभ्यास येतो. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून त्यांच्या गटाने गरोदर बायकांची माहिती ठेवली, मग त्यांच्या मुलांची. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट? तांबड्या पेशींतलं फोलेट कमी असलेली आई सगळ्या अभ्यासात फक्त एक निघाली. आणि ज्या आयांमध्ये फोलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची लक्षणं सर्वांत जास्त दिसली. हीच पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट.

या निष्कर्षाचे स्क्रीनशॉट "फॉलिक ॲसिडने मुलांना मधुमेह होतो" अशा मथळ्याखाली फिरू शकतात, म्हणून सांगतो: अभ्यास तसं म्हणत नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यात संबंध दिसला. गोळी बंद करा असा त्याचा अर्थ नाही. दोन्ही जीवनसत्त्वं शरीरात एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात आणि आपण एकच पुरवतो आहोत, हा त्यातला मुद्दा. याच गटाने पुढे, २०१२ पासून, त्या गावांतल्या वयात आलेल्या मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू केला, म्हणजे आई-बाप होण्याच्या आधीच भरपाई करायची.

वरच्या गणिताशी जोडा. प्रयोगात रोज २ मायक्रोग्रॅम. रेशनच्या पाच किलोत महिन्याला ५.

दूध गोठ्यात आहे, ताटात किती?

शाकाहारी मराठी घरात बी-१२ चा एकमेव भरवशाचा मार्ग म्हणजे दूध. १०० मिलिलिटर दुधात साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम. रोजची गरज भागवायला अर्धा लिटर लागतं. दोन कप चहातलं दूध मिळून शंभर मिलिलिटर धरलं तर एक पंचमांश.

मावळात दूध कमी नाही. बायकांनी उभी केलेली 'मावळ डेअरी' इथलीच. पण दूध हा रोख पैसा आहे. पहाटे काढलं की कॅन डेअरीला जातो, घरात चहापुरतं उरतं आणि त्यातलं जास्तीचं लहान मुलाला किंवा म्हाताऱ्याला. ज्या बाईने धार काढली तिच्या वाट्याला काय येतं, हे बहुतेक घरांत विचारायचीही गरज नाही. शेजारीच देहू असल्याने माळकरी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे मासे-मटणाचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे दुधाचा वाटा हाच खरा प्रश्न. पुण्यातच केईएमच्या संशोधकांनी शाकाहारी तरुणांना रोज दूध देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं बी-१२ वाढलं.

घरी पनीर करत असाल तर निवळी फेकू नका, दुधातल्या बी-१२ चा बराच भाग त्यात उतरतो. कणीक भिजवा, आमटीत घाला.

मांसाहार करणाऱ्यांनाही एक धक्का. रविवारच्या चिकनमध्ये बी-१२ फार नसतं, १०० ग्रॅममध्ये ०.३ मायक्रोग्रॅमच्या आसपास. मटणात त्याहून बरंच जास्त, बांगड्यासारख्या माशात आणखी जास्त आणि कलेजीत तर विचारू नका. अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, पण त्यातलं शरीर कमीच शोषतं. म्हणजे आठवड्यातून एकदा चिकन, श्रावण आणि चातुर्मास बंद, सोमवार-गुरुवार-शनिवार बंद, असा 'नॉनव्हेज' माणूस बी-१२ च्या दृष्टीने जवळपास शाकाहारीच.

ताटात आहे, अंगी लागत नाही

बी-१२ शोषायला पोटातलं आम्ल लागतं आणि जठरातून येणारं एक खास प्रथिनही. वय वाढलं की आम्ल कमी होतं. आणि आम्ल कमी करणारी गोळी तर आपण स्वतःहून घेतो. सकाळी उपाशीपोटी 'गॅसची गोळी', पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, कुणीतरी कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, ती आठ वर्षं चालू. दुसरी गोळी मेटफॉर्मिन. मधुमेहाचं हे उत्तम औषध आहे, पण बी-१२ चं शोषण कमी करतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी होणं हा नेहमी दिसणारा दुष्परिणाम मानला. साठीच्या पुढचा, शाकाहारी, मधुमेहाची आणि गॅसची गोळी एकत्र घेणारा माणूस आठवून पाहा. प्रत्येक घरात एक सापडेल.

लक्षणं हळूहळू येतात, कारण यकृतात बी-१२ चा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. ठेव मोडून खाल्ल्यासारखं चालतं आणि एक दिवस खातं रिकामं होतं. थकवा, जिभेची आग, तळपायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, विसराळूपणा. "वय झालं" म्हणून हे सगळं सोडून दिलं जातं. मज्जातंतूंचं नुकसान फार काळ चाललं तर पूर्ण भरून येत नाही. आणि एक सापळा: नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्तक्षय सुधारतो, रिपोर्ट छान दिसतो, पण बी-१२ च्या कमतरतेने होणारं नसांचं नुकसान आतून चालूच राहू शकतं.

सलाइन, इंजेक्शन आणि केसांची गोळी

अशक्तपणा वाटला की सलाइन आणि 'लाल इंजेक्शन' ही आपल्याकडची जुनी पद्धत. बी-१२ चा रंगच लाल, त्यामुळे ते ताकदीचं वाटतं. कमतरता गंभीर असेल, नसांची लक्षणं असतील किंवा शोषणच होत नसेल तर इंजेक्शन लागतं. बाकी बहुतेकांना जास्त डोसची गोळी पुरते. एक हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं अगदी एक टक्का आपोआप आतड्यातून झिरपलं तरी १० मायक्रोग्रॅम होतात, गरजेच्या चौपट. माळकऱ्यांची नेहमीची शंका: गोळीतलं बी-१२ मांसातून काढलेलं असतं का? नाही, ते जिवाणूंकडून टाकीत बनवून घेतात. कॅप्सूलचं आवरण मात्र जिलेटिनचं असू शकतं, तेवढं बघून घ्या.

बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ती बी-२ मुळे, घाबरायचं कारण नाही. जपायचं ते दोन गोष्टींना. एक, बी-६ चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात, म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच वाढतं. दोन, केस गळतात म्हणून रीलमध्ये सांगितलेलं बायोटिन. त्याचे मोठे डोस थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीत गडबड करू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिलाय. रक्त द्यायला जाताना बायोटिन घेत असाल तर सांगा.

बी-१२ ची तपासणी साध्या लॅबमध्ये होते. पुण्याच्या अभ्यासांत 'कमी' ठरवायला वापरलेली रेषा आपल्या रिपोर्टवरच्या एककात साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. रेषेच्या जरा वर असाल आणि मुंग्या असतील तर 'नॉर्मल' म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवू नका. डॉक्टर होमोसिस्टीनची तपासणी सांगू शकतात. शाकाहारी गरोदर बाई, मेटफॉर्मिन घेणारे आणि साठीपुढचे यांनी ही तपासणी मागून घ्यावी, कुणी सांगायची वाट पाहू नये.

पुढे काय बदलू शकतं?

फोर्टिफाइड तांदळावरचा गंभीर वाद प्लास्टिकचा नाहीच. तो असा की सरसकट सगळ्यांना लोह द्यावं का. थॅलेसेमिया आणि सिकलसेल असलेल्यांसाठी पाकिटांवर इशारा असायचा. तपासणी समितीच्या अहवालानंतर तो २०२४ मध्ये काढण्यात आला. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल मोठा असल्याने महाराष्ट्रात ही चर्चा संपलेली नाही.

बी-१२ च्या बाजूने मात्र कुणी फारसं भांडताना दिसत नाही. तांदळातलं प्रमाण वाढवायचं तर एफएसएसएआयला मापदंड बदलावा लागेल. दाणा बनवण्याची यंत्रणा उभी आहे, त्यात पावडर कुठली किती टाकायची एवढाच प्रश्न. दुसरा रस्ता लाल आणि निळ्या गोळीत बी-१२ घालण्याचा. तिसरा, शाळेच्या आहारात दूध किंवा अंडं नियमित देण्याचा. अंड्यावरून राज्यात होणारं राजकारण आपण पाहतोच. तांदळाला २०२४ मध्ये मिळालेली मंजुरी २०२८ च्या डिसेंबरपर्यंतची होती. तोवर गावातल्या ग्रामसभेत किंवा रेशन दक्षता समितीत निदान एक गोष्ट विचारता येईल: दुकानात तांदूळ देताना तो वेगळा दाणा वेचून टाकू नका, असं सांगणारा फलक लावलाय का?